डॉक्टरांची सही

नागपूरच्या राजकारणात एके काळी डॉक्टरांचे पीक मोठे जोमात आले होते. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे डोळ्यांचे नावाजलेले शस्त्रवैद्य. तरुणपणी बोअर युद्धात वैद्यकीय पथकातून दक्षिण आफ्रिकेस जाऊन आलेले आणि पुढे विलायतेला गोलमेज परिषदेस गेलेले. डॉ. केशव बळीराम हेडगेवार कलकत्त्याहून डॉक्टरी शिकून आले, पण दवाखाना म्हणून त्यांनी कधी थाटला नाही. १९३० साली जंगल सत्याग्रहात भाग घ्यायला ते आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात आले होते. आणि तिसरे डॉ. नारायण भास्कर खरे. पहिल्या दोघांची नावे लोकांना ठाऊक असतात, मग ती आदराने घेतली जावोत वा रागाने. तिसऱ्यांचे नाव काढले, की आमच्या शिक्षकांच्या खोलीतली तरुण मंडळी "हे कोण हो सर?" म्हणून चहाचा कप खाली ठेवतात. वास्तविक हा गृहस्थ आमच्या जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडचा काँग्रेसचा पहिला मुख्यमंत्री. त्या वेळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत.

मी हे नाव प्रथम ऐकले ते आजोबांच्या तोंडून. आजोबा इथल्या एका जिनात हिशेब लिहीत. कापसाचा हंगाम संपला, की त्यांना रिकामपण येई आणि त्या रिकामपणात त्यांचे एक स्नेही रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत. हे स्नेही खादीधारी. जन्मभर सूत कातलेले. दोघांची मैत्री घट्ट होती, पण वर्षातून निदान दहा वेळा तरी ती मोडायच्या बेताला येई, आणि दर वेळी कारण एकच: १९३८ सालच्या जुलै महिन्यातली ती रात्र. आजोबा म्हणत, "खरे कायद्यानं खरे होते." स्नेही म्हणत, "कायद्यानं असतील. पण रात्री चोरवाटेनं जाऊन लाटसाहेबाच्या हातून आपल्या सोबत्यांना काढणं हे काही खरेपण नव्हे." मग आतून आजीचा आवाज येई, "दोघंही मुकाट्यानं चहा घ्या." खरे वारले १९७० साली. ओट्यावरचे भांडण त्यानंतरही वीसएक वर्षे चालले होते. त्याचा शेवटचा भाग मी मांडी घालून ऐकला आहे.

खरे मूळचे आमच्याकडचे नव्हेत. जन्म १८८४ सालचा, पनवेलचा. शिक्षण लाहोरच्या मेडिकल कॉलेजात. १९१३ साली ते पंजाब विद्यापीठाचे एम.डी. झाले. त्या काळी एम.डी. म्हणजे केवढी मोठी पदवी, हे आज गल्लोगल्ली तशा पाट्या पाहणाऱ्यांच्या ध्यानात यायचे नाही. काही काळ सरकारी नोकरी करून त्यांनी ती सोडली, नागपूरला दवाखाना काढला आणि हळूहळू काँग्रेसमध्ये ओढले गेले. १९२३ साली प्रांताच्या कौन्सिलात, १९३५ साली दिल्लीच्या असेंब्लीत. मध्यंतरी त्यांनी ‘तरुण भारत’ नावाचे साप्ताहिक चालवले. तपासायचे, लिहायचे, भाषण करायचे. आणि सगळे तडकाफडकी.

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसला बहुमत मिळाले आणि जुलैत खऱ्यांचे मंत्रिमंडळ आले. पण प्रांत हा असा विचित्र, की त्याची मोट बांधायला डॉक्टर नव्हे, एखादा मुरलेला सुईणीचा हात हवा होता. वर हिंदी बोलणारा महाकोशल, खाली मराठी बोलणारे नागपूर, आणि बाजूला वऱ्हाड. वऱ्हाड तर कागदोपत्री अजून निजामाचे. मंत्रिमंडळात महाकोशलचे तिघे : रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता. वऱ्हाडचे दोघे, गोळे आणि रामराव देशमुख. यांचे त्यांच्याशी पटेना, त्यांचे यांच्याशी. १९३८ च्या मे महिन्यात पंचमढीच्या थंड हवेत वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आणि जमनालाल बजाज यांनी सर्वांना बसवून समेट घडवला. तो समेट दोन महिने टिकला. आमच्याकडे मृगात पेरलेली पऱ्हाटी तेवढ्या दिवसांत गुडघ्याला लागते. त्याहून जास्त काही त्या समेटाला फळ धरले नाही.

गोळे आणि देशमुख यांनी १३ जुलैला राजीनामे दिले. २० तारखेला खऱ्यांनी स्वतःचा राजीनामा गव्हर्नरकडे दिला आणि सहकाऱ्यांना सांगितले, की पंतप्रधान गेला म्हणजे मंत्रिमंडळ गेले, तेव्हा तुम्हीही द्या. महाकोशलच्या तिघांनी नकार दिला. ते म्हणाले, वरिष्ठांनी, म्हणजे काँग्रेसच्या पार्लमेंटरी बोर्डाने, सांगितल्याखेरीज आम्ही सोडणार नाही. आता इथे आजोबांचा कायदा येतो. विलायतेच्या रूढीप्रमाणे खऱ्यांचे म्हणणे बिनतोड होते. आणि १९३५ च्या कायद्याप्रमाणे मंत्री नेमणे आणि काढणे गव्हर्नरच्या हातात होते. सर फ्रान्सिस वायली हे गव्हर्नर नुकतेच आलेले. त्यांनी त्या रात्रीच तिघांना बोलावले आणि ते ऐकत नाहीत असे पाहून बडतर्फ केले. २१ ची सकाळ उजाडली तेव्हा खऱ्यांचे नवे मंत्रिमंडळ शपथ घेत होते. त्यात रामेश्वर अग्निभोज हे अस्पृश्य गणलेल्या समाजातले मंत्री होते. ही गोष्ट त्या काळच्या मानाने लहान नव्हती आणि खऱ्यांनी ती पुढे कधी कोणाला विसरू दिली नाही.

रोग ओळखला, सुरी उकळली, गळू कापले, पट्टी बांधली, आणि रोग्याचे नातेवाईक जागे व्हायच्या आत हात धुऊन मोकळे. मला तरी त्या रात्रीचे वर्णन याहून वेगळे करता येत नाही.

पण नातेवाईक वर्ध्यालाच बसले होते. सुभाषचंद्र बोस त्या साली काँग्रेसचे अध्यक्ष. एका काँग्रेसवाल्याने इंग्रज गव्हर्नरच्या हातून तीन काँग्रेसवाल्यांना काढावे, हे कोणालाच रुचण्यासारखे नव्हते. दोन-तीन दिवसांत खऱ्यांना नव्या मंत्रिमंडळाचाही राजीनामा द्यावा लागला. वर्ध्याला वर्किंग कमिटीने ठराव केला, की हा मनुष्य काँग्रेसमध्ये जबाबदारीच्या जागेला योग्य नाही. २७ जुलैला पक्षाने शुक्लांना नेता निवडले.

या धामधुमीत एक लहानशी गोष्ट घडली आणि माझा सगळा जीव तिच्यात अडकला आहे. खरे सेवाग्रामला गांधीजींकडे गेले. चूक कबूल करणारे एक निवेदन तयार झाले; त्यात गांधीजींनी स्वतःच्या हाताने दुरुस्त्या केल्या, भर घातली. त्यावर खऱ्यांनी फक्त सही करायची होती. त्यांनी मित्रांशी विचार केला आणि सही केली नाही.

पाच वर्षांपूर्वी मी या विषयावर कादंबरी लिहायला घेतली. एकशेचाळीस पाने झाली आहेत आणि माझा नायक हातात टाक घेऊन सेवाग्रामच्या झोपडीत बसला आहे. बाहेर पाऊस, सारवलेली जमीन, समोर कागद. (पाऊस माझा, जुलै महिना आहे, एवढे स्वातंत्र्य कादंबरीकाराला असावे.) ज्या हाताने रोज पन्नास चिठ्ठ्यांवर सही करायची, त्या हाताला ही एक सही का जड जावी? अभिमान म्हणावा तर सोपे आहे. पण मला वाटते, डॉक्टराच्या धंद्यातच त्याचे मूळ असावे. खाटेशी उभा असलेला डॉक्टर एकटा असतो. मध्यरात्री रोग्याचे पोट दुखते तेव्हा बैठक बोलावता येत नाही, ठराव मांडता येत नाही. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, स्वतःच्या बोटांनी चाचपायचे, आणि ठरवायचे. ही सवय अंगात मुरली, की मग चार माणसांना विचारणे म्हणजे वेळ दवडणे वाटू लागते. आणि एकदा केलेले निदान चुकले असे लिहून देणे म्हणजे तर, विचारूच नका.

अमेरिकेचे राज्य नवे होते तेव्हाचे एक डॉक्टर होते, बेंजामिन रश. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. पुढच्याच वर्षी ते सैन्याच्या इस्पितळांवर मोठे अधिकारी झाले, तिथली दैना त्यांना पाहवेना, वरिष्ठांशी भांडले आणि राजीनामा देऊन निघाले. वॉशिंग्टनसारख्या सेनापतीविरुद्ध त्यांनी व्हर्जिनियाच्या गव्हर्नरला एक निनावी पत्र लिहिले. गव्हर्नरने ते वॉशिंग्टनकडेच पाठवून दिले, आणि वॉशिंग्टनने अक्षर ओळखले! डॉक्टराचे अक्षर ओळखू यावे ही नवलाचीच गोष्ट. पुढे १७९३ साली फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून पळाले. रश राहिले, रात्रंदिवस रोगी पाहत. पण उपचार काय, तर शिरा तोडून भरमसाट रक्त काढायचे आणि पाऱ्याचे जुलाब द्यायचे. इतर डॉक्टर ओरडत होते. यांची श्रद्धा हलली नाही. धैर्य आणि हट्ट यांची शीर एकच असावी. एक कापायला जावे तर दुसरीतून रक्त येते.

खऱ्यांकडे परत येतो. त्यांच्या पुढच्या आयुष्यात आमच्या भागाचा एक धागा गुंतला आहे. लोकनायक बापूजी अणे हे आमच्या शेजारच्या वणीचे. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. परदेशी राहणाऱ्या हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे होते. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींचे उपोषण चालू असताना अण्यांनी त्या जागेचा राजीनामा दिला. मे महिन्यात त्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले ते डॉ. खरे. आजोबांचे स्नेही या मुद्द्याला आले, की चहाचा कप हातात असला तर खाली ठेवत. "एक आमचा उठला, आणि हा तिथं बसला!" यावर आजोबांनाही लवकर उत्तर सुचत नसे.

पण त्या खुर्चीवर बसून खऱ्यांनी काय केले तेही पाहिले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांना जमीन घेण्याची, हव्या त्या वस्तीत राहण्याची बंदी करणारे कायदे होत होते. खऱ्यांनी ‘जशास तसे’ हे धोरण धरले. १९४४ साली आपल्या देशातल्या दक्षिण आफ्रिकी गोऱ्यांना तसेच निर्बंध लागू झाले. १९४६ साली हिंदुस्थानने त्या देशाशी असलेला व्यापारी करार मोडण्याची नोटीस दिली, आपला प्रतिनिधी परत बोलावला आणि गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेले. वर्णद्वेषापायी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश आपला. हे घडले तेव्हा ते खाते नागपूरच्या या डॉक्टराकडे होते. येथे त्यांची घाई, त्यांचा ताठा, त्यांचे एकट्याने ठरवणे, सारे कामी आले. शाळेत मंडेला शिकवताना मी मुलांना हे आवर्जून सांगतो.

आणि मग अलवार. हे लिहिताना हात आखडतो, पण सणाच्या अंकात गोडच तेवढे वाढावे असा काही नियम नाही. १९४७ च्या एप्रिलात खरे अलवार संस्थानचे पंतप्रधान झाले. त्या वर्षी अलवार आणि भरतपूर या संस्थानांत मेव मुसलमानांच्या कत्तली झाल्या. हजारो माणसे मेली, गावेच्या गावे उठली; संस्थानी फौजांचा त्यात हात होता, हे इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. गांधीजींच्या खुनानंतर, १९४८ च्या फेब्रुवारीत, दिल्ली सरकारने अलवारचा कारभार काढून घेतला, महाराजांना आणि खऱ्यांना संस्थानाबाहेर ठेवले, चौकशी केली. खुनाच्या कटाशी त्यांचा संबंध शाबीत झाला नाही. ते झाले खुनाचे. पण ती जी हजारो माणसे मेली, ती ज्या राज्यात मेली त्या राज्याचा कारभारी डॉक्टर होता. ताप कुणाचाही असो, काच एकच लावणारा. आजोबा रात्रीच्या राजीनाम्यावर तासभर वाद घालत. अलवारचे नाव निघाले, की ते उठून गोठ्यात गाईला चारा टाकायला जात.

१९४९ च्या अखेरीस खरे हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले आणि पुढच्याच मार्चात दिल्लीतून तीन महिन्यांसाठी हद्दपार. हा गृहस्थ गप्प बसतो थोडाच! थेट सुप्रीम कोर्टात गेला. राज्यघटना लागू होऊन चार महिने झाले होते. पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी सरकारची बाजू उचलली, दोघांनी नाही. वकिलीची मुले हा खटला अजून वाचतात. ‘खरे विरुद्ध दिल्ली राज्य’ हे त्यांना पाठ असते. खरे कोण ते पाठ नसते. १९५७ साली राष्ट्रपतींच्या निवडणुकीविरुद्धही त्यांनी अर्ज केला. तोही फेटाळला गेला. १९३८ पासून हा मनुष्य एकच गोष्ट वेगवेगळ्या दारांवर जाऊन सांगत होता असे मला वाटते: नियम माझ्या बाजूने आहे, तुम्ही सारे एका बाजूला असलात तरी. १९५९ साली त्यांनी आपले राजकीय आत्मचरित्र इंग्रजीत छापले. आपण चुकलो असे त्यात सापडेल या आशेने कोणी ते उघडू नये.

हे सारे मी आमच्या गावच्या डॉक्टरांना सांगितले त्याची हकीकत आता सांगायला हवी.

तीस वर्षांपूर्वी ते इथे आले. पांढरकवड्याला उन्हाची आणि पुढाऱ्यांची ददात कधी पडली नाही. डॉक्टरांची मात्र पडत आली. नागपूर-हैदराबाद मोठा रस्ता गावाला लागून आहे आणि शिकलेली माणसे त्याने एक तर वर जातात, नाही तर खाली. हे राहिले. टिपेश्वरच्या बाजूच्या पोडांवरून येणाऱ्या कोलामांची बोली शिकले. माझ्या आईला दमा आहे. तिला धाप लागली, की रात्रीचे किती वाजले हे आम्ही पाहत नाही. त्यांनीही कधी पाहिले नाही. असा माणूस लोकांच्या डोळ्यांत भरला नाही तरच नवल. मागच्या निवडणुकीच्या वेळी मंडळी त्यांच्या मागे लागली, नगर परिषदेला उभे राहा म्हणून. बाजारात एक म्हातारी मला म्हणाली, "सर, डॉक्टर निवडून गेला त आमाले सुई कोन टोचन?" हा प्रश्न कोणत्याही पत्रकात नव्हता.

डॉक्टर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही लेखक माणूस. चार ओळींचं पत्रक लिहून द्या." मी चार ओळी लिहिल्या, सात वेळा लिहिल्या. एकशेचाळीस पाने जितकी जड गेली नाहीत तितक्या त्या गेल्या. त्यांनी उभे राहावे असे गावाचा नागरिक म्हणून मला वाटत होते. नाल्या तुंबलेल्या, पाणी गढूळ; अर्धे रोग तिथूनच येतात हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? आणि आईचा मुलगा म्हणून मला अगदी उलट वाटत होते.

अशात एका रात्री आईला धाप लागली. डॉक्टर आले, इंजेक्शन दिले, वाफेचे यंत्र लावले आणि ती सावरेपर्यंत खुर्ची ओढून बसले. वेळ काढायचा म्हणून मी त्यांना खऱ्यांची गोष्ट सांगितली. ती रात्र, सेवाग्राम, तो कागद, दक्षिण आफ्रिका, अलवार, सारे. ते मनगटावरचे घड्याळ पाहत आईची नाडी मोजत होते. मला वाटले, ऐकत नाहीत. सांगून झाल्यावर म्हणाले, "मंत्री झाल्यावर त्यांच्या रोग्यांचं काय झालं?"

मी काही म्हणायच्या आत आईने तोंडावरची नळी बाजूला केली आणि म्हणाली, "दुसऱ्याकडे गेले असतील. रोग्याला कुठं थांबता येतं?"

"तुम्ही बोलू नका," डॉक्टर म्हणाले आणि नळी पुन्हा लावली.

जाताना त्यांनी चार ओळींचा कागद मागून घेतला आणि न वाचता बॅगेत टाकला. त्यांनी अर्ज भरला. थोडक्या मतांनी ते पडले, ही गोष्ट पुढची. मधली गोष्ट छापखान्यातली. पत्रकाचा मजकूर घेऊन छापखान्याच्या मालकाने मला बोलावून घेतले. माझ्या चार ओळी जशाच्या तशा होत्या. खाली डॉक्टरांनी आपल्या हाताने पाचवी ओळ लिहिली होती आणि तिच्याखाली सही केली होती. ती ओळ ना मालकाला लागेना, ना मला. शेवटी दवाखान्यातून कंपाउंडरला बोलावणे धाडले. त्याने चष्मा कपाळावर चढवला, कागद दिव्याजवळ धरला आणि औषधाची चिठ्ठी वाचावी तसे घडाघडा वाचून दाखवले: "निकाल काही लागो, रात्री दहानंतर मी घरीच असेन. दार वाजवावे."